केसांच्या सुरगाठी आणि निरगाठी

मागच्या गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमासाठी मी भाचीचे केस कुरळे करून दिले होते. ठाण्यातली दमट संध्याकाळ, बाहेर पावसाची भुरभुर. तासभर उभी राहून एकेक बट टाँगला, म्हणजे केस कुरळे करायच्या तापत्या दांडीला, गुंडाळली आणि सोडल्या सोडल्या बोटांनी मोकळी केली, कारण रीलमध्ये तसंच दाखवलं होतं. आरशात बघून पोर खूश झाली. आरती संपून तिच्या नाचाचा नंबर येईपर्यंत मात्र तिचा चेहरा पडला होता. "मावशी, केस परत सरळ झाले गं."

दुसऱ्या दिवशी मी पार्लरच्या ताईंना हे सांगितलं. टाँग कुठल्या कंपनीचा, स्प्रे मारला होता का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला, "बट गार होऊ दिली होतीत का?"

त्या प्रश्नामागे केसांचं सगळं शास्त्र आहे, हे मला नंतर कळलं. हेअर स्टायलिंग शिकायला बसणाऱ्याला हात कसा फिरवायचा हे शेकडो जण दाखवतात. तसा फिरवल्यावर केसाच्या आत काय होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. ते एकदा कळलं की कुठली बट का टिकली, कुठली का सुटली, हे आपलं आपल्याला ओळखता येतं. पार्लरच्या पाटीवरचे केरॅटिन, स्मूदनिंग, रिबाँडिंग हे शब्दही मग कोड्यासारखे वाटत नाहीत. शिवाय असल्या एका उपचाराचा संबंध मूत्रपिंडाच्या दुखण्याशी जोडणाऱ्या बातम्या आल्यापासून अनेकींच्या मनात भीती आहे. त्याकडे शेवटी येते. आधी घरातला टाँग आणि ड्रायर.

केस म्हणजे कौलारू घर

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले रोज ५० ते १०० गळतात आणि ते स्वाभाविक आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे तुमचे केस ३६ सेंटीमीटर लांब असतील, तर टोकाकडचा भाग जवळजवळ तीन वर्षांचा जुना झाला. तीन वर्षांची ऊन, धूळ, कंगवा आणि रबरबँड त्याने सोसलेत. मुळाशी चमकणारा केस टोकाला राठ का असतो, याचं उत्तर यातच आहे.

दुसरी गोष्ट, कातडीबाहेर आलेला केस निर्जीव असतो. म्हणून कापताना दुखत नाही, आणि म्हणूनच एकदा बिघडलेला केस आतून बरा होत नाही. खरचटलेली त्वचा भरून येते, फाटलेली पैठणी आपोआप भरून येत नाही. केसाची जात पैठणीची.

हा केस बनतो केरॅटिन नावाच्या प्रथिनापासून. नखंही त्याचीच. केसाला बाहेरून साल आणि आत गाभा असतो. साल म्हणजे एकावर एक रचलेल्या पातळ खवल्यांचे थर. कोकणातल्या घरावर मंगलोरी कौलं कशी घालतात ते आठवा. वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते आणि सगळ्यांचा उतार एकाच दिशेला असतो. केसाच्या सालीचा उतार मुळाकडून टोकाकडे असतो. कौलं नीट बसलेली असली की केस चमकतो. उचकटली की शेजारच्या केसाच्या कौलांत अडकतो आणि गुंता होतो.

शिकणाऱ्याचा पहिला नियम इथेच मिळतो. ड्रायरची हवा मुळाकडून टोकाकडे सोडायची. खालून वर हवा मारली तर कौलं उचकटतात आणि तासभर मेहनत करूनही केस पिंजारलेले दिसतात. केस टॉवेलने खसाखसा पुसणं हाही तसलाच प्रकार. टॉवेलमध्ये केस धरून दाबायचे, घासायचे नाहीत.

सुरगाठ कुठली, निरगाठ कुठली

आता गाभ्यात जाऊ. तिथे केरॅटिनचे लांबच लांब धागे दोरखंडासारखे पिळलेले असतात आणि ते एकमेकांना ठिकठिकाणी बांधलेले असतात. या बांधण्याचे दोन प्रकार लक्षात ठेवले तरी आपलं काम भागतं.

पहिला प्रकार सुरगाठीचा. परकराच्या नाडीला मारतो तशी, एक टोक ओढलं की सुटणारी. रसायनशास्त्रात याला हायड्रोजन बंध म्हणतात. एकेकटी गाठ कमजोर, पण अशा गाठी असंख्य असतात. पाणी लागलं की त्या सुटतात, पाणी गेलं की पुन्हा बसतात. मजा अशी की पाणी जाताना केस ज्या आकारात असेल, त्याच आकारात त्या बसतात. ओले केस घेऊन झोपलेल्या माणसाचे केस सकाळी एका बाजूला उभे राहतात, ते यामुळेच. रात्रभर उशीने केलेलं ते स्टायलिंगच असतं.

दुसरा प्रकार निरगाठीचा. ओढून सुटत नाही, दातांनी सोडवावी लागते. ही गाठ दोन गंधक अणूंमधली असते. केस जळल्यावर जो विशिष्ट घाण वास येतो, त्यात या गंधकाचा मोठा वाटा आहे. तुमचे केस मुळात सरळ, लहरी की कुरळे, हे केस जिथून उगवतो त्या मुळाच्या आकारावर ठरतं आणि या निरगाठी तो आकार धरून ठेवतात. पाण्याने त्या सुटत नाहीत. घरच्या ड्रायरने किंवा टाँगने घडणाऱ्या आकारात त्यांचा भाग नसतो. त्या सोडायला तीव्र रसायन लागतं.

घरी आपण जे काही करतो, म्हणजे ब्लो ड्राय, टाँग, केस सरळ करायची इस्त्री, रोलर, रात्रभर घातलेली वेणी, त्या सगळ्यात सुरगाठी सोडून नव्याने बांधणं एवढंच चालतं. पुढच्या धुण्याला केस मूळ रूपावर येतात. पार्लरमध्ये महिनोन् महिने टिकणारं जे करून मिळतं, ते याहून खोलवरचं काम असतं. कुठलाही नवा उपचार समोर आला की मी आता मनाशी पहिलं हेच विचारते, हा सुरगाठीपुरता आहे की त्याच्या पुढचा?

चिक्की सादळते तशी बट सादळते

भाचीच्या केसांचं काय झालं, ते आता सांगता येईल. चिक्की करताना गुळाचा पाक गरम असतो तोवर हवा तसा थापता येतो. तो गार झाला की आकार पक्का. गरम असतानाच वडी उचलली तर ती वाकते, लोंबते. केसाचंही तसंच. टाँगच्या उष्णतेने बटेतलं उरलंसुरलं पाणी निघून जातं, सुरगाठी सुटतात आणि बट मऊ पडते. ती गार होत जाते तशा गाठी नव्या जागी बसतात. मी काय केलं होतं? गरम बट लगेच बोटांनी उलगडली होती. म्हणजे गाठी बसायच्या वेळी केस जवळजवळ सरळच होता, आणि सरळपणीच त्या बसल्या.

दुसरा घाव हवेचा. तीच चिक्की पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर सादळते. केस हवेतली वाफ पितो. ती वाफ आतल्या सुरगाठी थोड्या थोड्या सोडत राहते आणि बट सादळते. केसाचा हा गुण इतका भरवशाचा आहे की १७८३ साली जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने त्यावर हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र मांडलं. यंत्रातला मुख्य भाग म्हणजे माणसाचा एक केस. हवा दमट झाली की केस किंचित लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि त्याला जोडलेला काटा फिरतो. अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत केस सुमारे दोन टक्क्यांनी लांबतो. अशी यंत्रं पुढे कितीतरी काळ हवामान केंद्रांत वापरात होती.

म्हणून नागपूरच्या मे महिन्यात टिकणारी बट मुंबईच्या जुलैत टिकेलच असं नाही. त्यात तुमच्या हाताचा दोष नसतो. अशा दिवशी केस बांधलेले शोभतील अशी रचना निवडणं शहाणपणाचं, किंवा बटेवर स्प्रेचा पातळ थर द्यायचा. स्प्रे आणि जेल यांचं काम सुती साडीच्या खळीसारखं असतं. वाळल्यावर त्यांचा बारीकसा पापुद्रा केसांना एकमेकांशी धरून ठेवतो. खळ जास्त झाली की साडी पुठ्ठ्यासारखी होते, केसही तसेच होतात.

शिकायला सुरुवात कुठून करायची

टाँगपासून नाही, हे मी ठामपणे सांगेन. सुरुवात करायची ती भांग पाडण्यापासून आणि केसांचे भाग करण्यापासून. पार्लरवाल्या याला सेक्शन घेणं म्हणतात. नवशिक्याचा केस बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच, कारण एकदम मूठभर केस हातात घेतले की वरच्या केसांना उष्णता लागते आणि आतले ओलेच राहतात.

टेल कोंब, म्हणजे मागे लांब काडी असलेला कंगवा घ्या. काडीच्या टोकाने कपाळापासून मानेपर्यंत सरळ भांग पाडा. मग एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत दुसरी रेघ ओढा. झाले चार भाग. तीन भाग क्लचरने वर अडकवा आणि मानेजवळून, सगळ्यात खालच्या थरापासून सुरुवात करा. एका वेळी ब्रशच्या रुंदीइतकेच केस घ्यायचे. पहिल्या आठवड्यात ड्रायरला हातही न लावता नुसते भाग पाडायचा सराव केला तरी चालेल. मी माझ्या बहिणीच्या डोक्यावर असा सराव केला. ती टीव्ही बघत बसायची, मी रेघा पाडायचे. आठ-दहा दिवसांनी रेघ सरळ यायला लागली आणि त्यानंतर बाकीचं शिकणं भराभर झालं.

गुंता सोडवायचा तो नेहमी टोकाकडून. टोकाची चार बोटं विंचरा, मग त्याच्या वरची चार, असं करत मुळापर्यंत या. वरून एकदम कंगवा ओढला की सगळ्या छोट्या गाठी खाली जाऊन एक मोठी गाठ होते. केस ओले असताना हे जास्तच जपायचं, कारण सुरगाठी सुटलेल्या असल्याने ओला केस ताणला जातो. निरोगी ओला केस साधारण ३० टक्के लांबू शकतो, आणि फार ताणला की पुन्हा पूर्ववत होत नाही. ओल्या केसांना रुंद दातांचीच फणी वापरा.

मग ब्लो ड्राय. न्हाऊन आल्या आल्या ब्रश हातात घेऊ नका. आधी नुसत्या बोटांनी केस हलवत, मध्यम गरम हवेवर ते बारा आणे वाळवून घ्या. हात फिरवल्यावर गार लागतात पण पाणी निथळत नाही, इथे थांबायचं. आता भाग पाडायचे आणि ड्रायरला पुढचं चपटं तोंड लावायचं. पुष्कळजणी ते तोंड खोक्यातच ठेवून देतात, पण हवा एका पट्टीत आणि एका दिशेने जाते ती त्याच्यामुळे. गोल ब्रश मुळाशी अडकवायचा, ड्रायर त्याच्या मागोमाग मुळाकडून टोकाकडे न्यायचा. दोन-तीन वेळा असं केलं की बट वाळते. मग टोकं ब्रशवर गुंडाळायची आणि गार हवेचं बटण दाबून दहापर्यंत मोजायचं. त्यानंतर ब्रश काढायचा. ते बटण बहुतेक ड्रायरवर असतं. मी दोन वर्षं त्याला बोट लावलं नव्हतं.

केस टाळूला चप्प बसतात अशी तक्रार असेल तर एक साधी गोष्ट करून पाहा. केस जिकडे पडतात त्याच्या उलट दिशेला धरून मुळं वाळवा. डावीकडे भांग असेल तर सगळे केस डावीकडे आणून वाळवायचे आणि गार झाल्यावर उजवीकडे परतवायचे. मुळाशी उठाव येतो. मुलगे पुढचा पफ उभा करायला जेलचा डबा रिकामा करतात, त्यांनाही याचा उपयोग होतो.

हात बसला की टाँग. केस पूर्ण कोरडे हवेत. दोन बोटांत मावेल एवढी बट, टाँगवर आठ-दहा सेकंद. मग टाँग अलगद बाहेर काढायचा, गुंडाळी तशीच तळहातावर झेलायची आणि पिनेने डोक्याला लावून ठेवायची. सगळं डोकं असं झालं की पिना काढायच्या त्या वेटोळी पूर्ण गार लागल्यावरच. तोवर साडी नेसून होते.

"पण ड्रायरने केस खराब होतात ना?"

होतात, चुकीचा वापरला तर. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०११ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. केसांचे झुपके वारंवार धुऊन वेगवेगळ्या अंतरावरून वाळवले. ड्रायर जितका जवळ आणि हवा जितकी गरम, तितकी सालीची हानी जास्त, हे अपेक्षितच होतं. अनपेक्षित ते पुढे. ड्रायर न लावता आपोआप वाळू दिलेल्या केसांतही एक वेगळी हानी दिसली, केसातल्या पेशींना जोडणाऱ्या थरात. केस फार वेळ ओला राहणं हेही सोसावं लागतं, असं त्यांना वाटलं. १५ सेंटीमीटर अंतरावरून ड्रायर सतत हलवत ठेवून वाळवणं त्यांना नैसर्गिक वाळण्यापेक्षा कमी हानीचं आढळलं. तो प्रयोगशाळेतल्या झुपक्यांवरचा प्रयोग आहे, त्यामुळे त्याला अंतिम सत्य मानू नये. पण अंतर ठेवा आणि एका जागी थांबू नका, एवढं त्यातून निश्चित घ्यावं. वीतभर अंतर म्हणा हवं तर.

इस्त्री आणि टाँग मात्र केसाला थेट टेकतात, तिथे अधिक सावध राहायला हवं. बारीक किंवा रंगवलेल्या केसांना १५० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर पुरतं, सर्वसाधारण केसांना १८० पर्यंत. फार जाड केस असले तरी २०० च्या पुढे जायचं कारण नाही. यंत्रावर आकडे नसतील तर जुनी युक्ती आहे, तापलेला टाँग आधी पांढऱ्या टिश्यू पेपरवर धरायचा. कागद पिवळा पडला तर केसांना लावायचा नाही. यंत्रावर २३० चा आकडा दिलाय म्हणून तो गाठलाच पाहिजे असं नाही.

आणि ओल्या केसांवर इस्त्री कधीच नको. चुर्र असा आवाज येतो, वाफ निघते, आणि काहींना वाटतं की छान काम चाललंय. खरं तर गाभ्यातलं पाणी एकाएकी उकळतं आणि त्या वाफेचे बुडबुडे केसाच्या आतच होतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस जाळीदार पावासारखा दिसतो आणि तिथेच तुटतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे या विकाराला बबल हेअर असं नावच आहे.

तेल लावून इस्त्री केली तर केस वाचतील, हाही समज ऐकते. तापलेल्या पट्टीखाली तेलाचा धूर होतो. तेलाची जागा न्हाण्याआधी. मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसा फरक पडला नाही. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते हेही सांगायला हवं, पण निष्कर्ष आपल्या आज्यांच्या अनुभवाशी जुळणारा आहे. इस्त्रीआधी लावायचं ते हीट प्रोटेक्टंट. ते केसावर पातळ लेप देतं आणि उष्णता आत शिरायचा वेग कमी करतं. ते चिलखत नव्हे. लावलं म्हणून तापमान वाढवायचं नाही.

"माझे केस वळणच घेत नाहीत"

ही तक्रार सरळ, बारीक, नुकत्याच धुतलेल्या केसांची असते. धुतलेल्या दिवशी साल गुळगुळीत असते आणि बट घसरते. एक दिवस आधी न्हाऊन पाहा, मुळाजवळ कंडिशनर लावू नका, बट आणखी बारीक घ्या. आणि घाई न करता ती गार होऊ द्या.

उष्णता नकोच असेल तर आपल्याकडे जुना उपाय आहे. जरा दमट केसांच्या तीन पेडी वेण्या घालायच्या आणि रात्रभर ठेवायच्या. केस वाळताना सुरगाठी वेणीच्या लाटांत बसतात. सकाळी वेण्या सोडायच्या त्या केस पूर्ण वाळल्याची खात्री करूनच. चार वेण्या घातल्या तर मोठ्या लाटा, दहा घातल्या तर बारीक. टाँगच्या कुठल्याही बटेपेक्षा मला या लाटा अधिक आवडतात, त्या अंगच्या वाटतात.

खोपा, अंबाडा, सागरवेणी या बांधलेल्या रचना तर पावसाळ्यात फारच उपयोगी. त्यांचा आकार गाठींवर अवलंबून नसतो, पेड आणि आकडे तो धरतात. फक्त ओढून बांधायची सवय सोडायला हवी. रोज घट्ट बांधल्याने कपाळाच्या कडेचे आणि कानाजवळचे केस विरळ होत जातात. ग्रीनलंडमधल्या बायकांच्या घट्ट बांधलेल्या केसांमुळे असं होतं, हे १९०७ सालीच नोंदवलं गेलंय. आपल्याकडे शाळेच्या दोन घट्ट वेण्या घालून वाढलेल्या कितीतरी बायकांच्या कपाळाकडे पाहून ते कळतं. आकडा लावल्यावर भुवई वर खेचली जात असेल तर बांधणी सैल करा.

सुरगाठींच्या पुढचं काम

पर्मिंग म्हणजे केस कुरळे करणं, स्मूदनिंग आणि रिबाँडिंग म्हणजे सरळ करणं. या तिन्हींत रसायनाने गंधकाच्या निरगाठी सोडतात, केस हव्या त्या आकारात आणतात आणि दुसऱ्या रसायनाने त्या पुन्हा बांधतात. रिबाँडिंग या शब्दाचा अर्थच नव्याने बांधणं. यात वेळेचं गणित चुकलं, रसायन जास्त वेळ राहिलं, तर केस तुटतात. हे घरी करायचं काम नाही. सगळं व्यवस्थित झालं तरी नवा केस जुन्याच वळणाचा उगवतो. तीन महिन्यांनी वर तीन सेंटीमीटर लहरी आणि खाली सरळ, असं दिसतं. हे आधी सांगितलं जात नाही आणि मग दर काही महिन्यांनी खुर्चीत बसावं लागतं.

केरॅटिन ट्रीटमेंट हा प्रकार वेगळा आहे, आणि त्याचं नाव मला फसवं वाटतं. ऐकून वाटतं, केसाला त्याचंच प्रथिन खाऊ घालतात. पण केस सरळ होतात ते त्या प्रथिनामुळे नाही. जुन्या प्रकारच्या द्रावणांत ते काम फॉर्मल्डिहाइड करतं. केस सरळ धरून, तापलेल्या इस्त्रीखाली, केरॅटिनच्या धाग्यांमध्ये ते नवे टाके घालतं. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्या फॉर्मलिनमध्ये असायचा, ते म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. डोळे चुरचुरणं आणि घसा खवखवणं ही त्याची तात्काळ खूण.

मग बाजारात फॉर्मल्डिहाइडमुक्त अशी पाटी असलेली द्रावणं आली. त्यातल्या अनेकांत ग्लायॉक्सिलिक ॲसिड असतं. बातम्या झाल्या त्या याच्या. मार्च २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात फ्रेंच डॉक्टरांनी ट्युनिशियातल्या २६ वर्षांच्या एका तरुणीची हकीकत छापली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तीन वर्षांत ती तीनदा केस सरळ करायला गेली आणि तिन्ही वेळा त्याच दिवशी उलट्या, ताप, पाठदुखी सुरू झाली. तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा झाल्याचं दिसलं. तिला लावलेल्या क्रीममध्ये १० टक्के ग्लायॉक्सिलिक ॲसिड होतं. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांच्या कातडीला लावलं, तर त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्सॅलेटचे स्फटिक सापडले. कच्चं अळू घशाला खाजवतं ते ज्या स्फटिकांमुळे, तेच हे. मुतखड्यातही बहुतेकदा तेच असतं.

"इतक्या बायका करतात, त्यांना काही होत नाही"

हा आक्षेप रास्त आहे. केरॅटिन केलेल्या प्रत्येकीचं मूत्रपिंड बिघडत नाही आणि एका तरुणीच्या हकिकतीवरून तसं कोणी म्हणतही नाही. पण तीन वेळा तेच घडणं आणि उंदरांतही तेच दिसणं, हा निव्वळ योगायोग मानणं अवघड आहे. इस्राएलमधूनही असे रुग्ण नोंदवले गेलेत. केस सरळ करण्यासाठी हा धोका घ्यायचा की नाही, हे जिचं तिने ठरवावं. पण तिला धोका माहीत असायला हवा, आणि बहुतेकींना तो सांगितलेला नसतो. मला राग येतो तो याचा. करून घेतल्यावर उलट्या, पाठीत किंवा कुशीत दुखणं, लघवी कमी होणं यातलं काही जाणवलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि केसांना काय लावलं ते न विसरता सांगा. तसं सांगितलं नाही तर डॉक्टरांनाही तो धागा सापडणं कठीण.

आणखी एक विचार पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलींचा. तुम्ही वर्षातून एकदा त्या धुरात बसता, ती मुलगी दिवसाला तीन-तीनदा बसते, तेही एसीसाठी खिडक्या बंद असलेल्या खोलीत. खुर्चीत बसल्यावर आपण खिडकी उघडायला सांगितली तर तिलाही मोकळा श्वास मिळतो.

यंदा भाचीला कॉलेज सुरू व्हायच्या आधी केस सरळ करून हवे होते. आम्ही दोघी त्याच ताईंकडे गेलो आणि बाटली बघायला मागितली. ताईंनी आनंदाने दिली. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत केरॅटिन लिहिलेलं होतं. मागच्या बारीक अक्षरांत भाचीने बोट ठेवून वाचत नेलं आणि ग्लायॉक्सिलिक ॲसिडपाशी थांबली. ताईंनी चष्मा लावून स्वतः वाचलं, मग बाटली फळीवर परत ठेवली आणि म्हणाल्या, "टोकं तेवढी कापू या का?" फाटे फुटलेली चार बोटं कापली, गोल ब्रशने ब्लो ड्राय केला. ब्रश शेवटच्या बटेत होता तेव्हा भाचीने आरशातूनच विचारलं, "काढू नका लगेच हां, गार झाली का?"